दोन भावांचं अक्षर

ताहेरा सोलकरला कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचता येई. सव्वीस वर्षं ती बहरैनमध्ये, मनामातल्या एका दवाखान्यात रेकॉर्ड विभागात होती. इजिप्तचे, केरळचे, पाकिस्तानचे, आयर्लंडचे असे किती डॉक्टर आले आणि गेले. औषधाचं नाव लागलं नाही की फार्मसीवाले कागद घेऊन सरळ तिच्या टेबलाशी यायचे. ती चष्मा कपाळावर सरकवी, कागद जरा लांब धरी आणि वाचून दाखवी.

निवृत्त झाली आणि चार महिन्यांत घरात कंटाळली. नवरा उस्मान मुहर्रकला बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात फोरमन. तो सकाळी साडेसहाला बाहेर पडायचा. मुलगी नाझिश बँकेत. एके दिवशी जेवताना नाझिशनं फोन तिच्यापुढे धरला.

"मम्मी, धिस इज लिटरली यू."

एका निवृत्त डॉक्टरांची जाहिरात होती. दृष्टी अधू झाली आहे, जुनी हस्तलिखितं मोठ्यानं वाचून दाखवायला आणि टाइप करायला कुणी हवं आहे. खाली एक ओळ होती : वाईट अक्षराची भीती नसावी.

"हे कुणीतरी गंमत करतंय," ताहेरा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी फोन केला.

डॉक्टर ॲलन दुथी त्र्याऐंशी वर्षांचे होते. स्कॉटलंडहून नोकरीसाठी बहरैनला आले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगी तिकडे मायदेशी, आणि हे बुदैयाच्या बागायतीतल्या एका जुन्या बंगल्यात एकटे राहत होते. घरात पुस्तकं इतकी होती की एसीचा वारा कोपऱ्यापर्यंत पोचत नसे. त्यांच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नव्हतं, फक्त कडेचं दिसायचं. वाचायचं म्हटलं तर अक्षर नेमकं त्या मधल्या अंधारात जाऊन बसे.

"तुम्हाला लॅटिन येतं?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"नाही."

"हरकत नाही. तुम्ही अक्षरं सांगा, लॅटिन मी बघतो. हे वाचा." त्यांनी एक छापील फोटो पुढे केला. तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र, शाई फिकी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. ताहेरानं कागद लांब धरला आणि दोनदा अडखळून खालपर्यंत वाचत गेली. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले होते.

"हे पत्र वाचायला मला अकरा दिवस लागले होते," ते म्हणाले. "तेव्हा माझे डोळे चांगले होते."

अशी ती दर रविवारी आणि मंगळवारी बुदैयाला जाऊ लागली.

डॉक्टर पुस्तक लिहीत होते. सतराव्या-अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर होऊन गेलेल्या पाद्र्यांची आणि वैद्यकाच्या प्राध्यापकांची चरित्रं. पाद्री आणि वैद्य एकत्र कशाला, असं ताहेरानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कारण ते एकाच घरात जन्माला येत. पाद्र्याला चार मुलगे असले की एक चर्चमध्ये जाई, एक हॉलंडला जाऊन वैद्यक शिके, एक समुद्रावर आणि एक दारूत." बावीस माणसं निवडली होती, एकोणीस लिहून झाली होती. पुस्तकाचा जीव होता तो त्यांच्याच घराण्यातल्या दोन भावांच्या प्रकरणात. थोरला पॅट्रिक दुथी, किलमॉरन नावाच्या समुद्रकाठच्या गावचा पाद्री. धाकटा गिल्बर्ट, चाळीस मैलांवरच्या शहरात वैद्यकाचा प्राध्यापक.

ताहेरा घरी येऊन उस्मानला सगळं सांगायची. आधी त्याला काही गम्य नव्हतं. मग एके संध्याकाळी त्यानं हात धुता धुता स्वतःहूनच विचारलं, "काय गो, तुझा पाद्री काय म्हणतो?"

तेव्हा तिनं भांडणाची गोष्ट सांगितली. १७०३ सालच्या हिवाळ्यात किलमॉरनच्या खडकांवर एक जहाज फुटलं. सगळे बुडाले, एकाच खलाशाचं प्रेत किनाऱ्याला लागलं. कोण, कुठला, कुणाला ठाऊक नाही. गिल्बर्टला कायद्यानं परवानगी होती, बेवारस प्रेत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी चिरायला नेता येत असे. त्यानं भावाला चिठ्ठी पाठवली : प्रेत थंड जागी ठेव, गाडी पाठवतो. पॅट्रिकनं चिठ्ठी वाचली, भर दुपारी चर्चची घंटा वाजवली, गाव गोळा केलं आणि त्या खलाशाला पुरून टाकलं. गाडी आली ती रिकामी परत गेली.

"मग?" उस्माननं विचारलं.

"गिल्बर्टनं लिहिलं, तू आज एका मेलेल्याला पुरलंस आणि त्याच्याबरोबर वीस जिवंत माणसांना. पॅट्रिकनं उत्तर दिलं, त्याला नाव नव्हतं, पण तो माझ्या गावात आला होता."

"बरोबर केलं पाद्र्यानं." उस्मान पंचा झटकत म्हणाला. "जयगडला आमच्या बाबांनी दोन वेळा वाहून आलेल्याला माती दिलीय. हिंदू का मुसलमान, कुणी बघितलं नाही. पाण्यातून आला म्हंजे पाहुणा. आणि तुझे डॉक्टर काय म्हणतात?"

"ते गिल्बर्टच्या बाजूचे."

"डॉक्टर तो डॉक्टर."

त्या उत्तरानंतर दोघा भावांनी एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही. निदान एकही सापडत नाही. अठरा वर्षांनी गिल्बर्ट गेला. डॉक्टर दुथींच्या प्रकरणाचा शेवट तिथेच होता : मरणाऱ्या भावाच्या खोलीत चाळीस मैलांवरचा पाद्री आला नाही. ही गोष्ट त्यांना वडिलांनी सांगितली होती, वडिलांना आजोबांनी.

जानेवारीत ते गिल्बर्टच्या व्याख्यानांच्या वह्यांशी आले. तिकडच्या ग्रंथालयानं फोटो पाठवले होते. व्याख्यानं हिवाळ्यात होत; शेवटच्या पाच हिवाळ्यांच्या वह्या गिल्बर्टच्या स्वतःच्या अक्षरात नव्हत्या, कारण तोवर त्याचा हात कापू लागला होता. कुणा अनामिक विद्यार्थ्यानं तो सांगेल तसं लिहून घेतलं होतं. मधे मधे समासात गिल्बर्टची वेडीवाकडी दुरुस्ती.

डॉक्टरांचा हा विद्यार्थी फार लाडका होता. "थांबा, आता ते पान येईल," ते लहान मुलासारखे म्हणाले. "हृदयाच्या व्याख्यानाचं. वाचा."

ताहेरानं अक्षर अक्षर सांगितलं, डॉक्टरांनी लॅटिनचा अर्थ लावला. कंसात लिहिलं होतं : येथे प्राध्यापकांनी पाद्री लोकांविषयी दोन वाक्ये सांगितली. ती लिहून घेण्यास लेखकाने नकार दिला आहे. आणि खाली, कापऱ्या हातानं : लेखक गाढव आहे. पुढे चला.

डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ताहेराही हसली. पण तिची नजर त्या कंसावरून हलेना. अक्षरावर बोट ठेवून ती मागची पानं चाळू लागली, मग तिसऱ्याच फाइलमधलं एक पान उघडलं.

"डॉक्टर, हा विद्यार्थी नाही."

"म्हणजे?"

"हे पॅट्रिकचं अक्षर आहे. किलमॉरनच्या चर्चच्या वहीत तो असंच लिहितो. त्याच्या 'डी'ची शेपटी वर जाऊन मागे वळते आणि आधीच्या अक्षराला शिवते. आणि ओळ भरली नाही की शेवटी दोन आडव्या रेघा मारतो, कुणी नंतर काही घुसवू नये म्हणून. इथे बघा, इथेही तसंच."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की 'इथे बघा' म्हणून उपयोग नाही.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मग थंड आवाजात म्हणाले, "त्या काळी शेकडो लोक असा 'डी' काढत."

"काढत असतील. पण शब्द जोडायची लकब..."

"मिसेस सोलकर, या दोन माणसांबरोबर मी आयुष्य काढलं आहे. तुम्ही कागदावर आहे ते वाचा. अर्थ मी लावीन."

ताहेरानं "बरं" म्हटलं. पान शेवटपर्यंत वाचलं, टाइप केलं, लॅपटॉप बंद केला आणि निघाली. बुदैया हायवेवर टॅक्सीत बसल्यावर तिचे कान तापले. 'तू फक्त फाइल लाव' हे तिनं सव्वीस वर्षं ऐकलं होतं. एकदा एका गोळीच्या चिठ्ठीवरची सही त्या डॉक्टरची नाही असं तिनं सांगितलं, तेव्हाही आधी असंच उत्तर मिळालं होतं; दोन दिवसांनी चिठ्ठ्यांचं कोरं पॅड चोरीला गेल्याचं उघडकीला आलं. इथे, या म्हाताऱ्याकडून, तिची तशी अपेक्षा नव्हती.

मंगळवारी ती गेली नाही. बरं नाही असा मेसेज केला. पुढच्या रविवारीही गेली नाही.

"जाऊन ये," उस्मान म्हणाला. "म्हातारा माणूस."

"मी का? मी काय चुकीचं बोलले?"

"चूक नाही बोललीस. पण त्याच्या घरातली गोष्ट आहे ती. आपल्या चुलत्याबद्दल कुणी येऊन नवीन सांगितलं तर आपण पण आधी दार लावू."

शनिवारी दुपारी बेल वाजली. उस्माननं दार उघडलं तर तीन जिने चढून धापा टाकत डॉक्टर दुथी उभे, आणि त्यांच्या मागे टॅक्सीवाला, हातात सतरंजीएवढी कागदाची गुंडाळी घेऊन.

"मिसेस सोलकर घरात आहेत?" डॉक्टर म्हणाले. "मी माफी मागायला आलो आहे. पण आधी पाणी."

पाणी प्यायल्यावर कळलं ते असं. आठवडाभर त्यांनी एकट्यानं ती दोन पानं बघायचा प्रयत्न केला. भिंग घेतलं, दिवा घेतला, काही जमेना. मग टॅक्सी करून अदलियातल्या एका छपाईच्या दुकानात गेले आणि तिथल्या पोराच्या डोक्यावर बसून, पानांतलं एकेक अक्षर वेगळं काढून, ताटाएवढं मोठं छापून घेतलं. साठ 'डी'. काही चर्चच्या वहीतले, काही व्याख्यानांतले, काही गिल्बर्टच्या पत्रांतले. मागच्या बाजूला बारीक खूण. अक्षर एवढं मोठं असलं आणि डोळ्याच्या कडेशी धरलं की त्यांना दिसत होतं.

"मला जे दिसलं त्यावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "मला दुसरं माणूस हवं. ज्यानं ही अक्षरं कधी बघितली नाहीत असं."

ताहेरानं उस्मानकडे बघितलं.

"मला इंग्लिश नीट येत नाय," उस्मान म्हणाला.

"उत्तमच," डॉक्टर म्हणाले.

सोफा भिंतीला लावला. जेवणाचं टेबल स्वयंपाकघरात गेलं. कागद पत्त्यांसारखे पिसून उस्मानच्या हातात दिले. एका हाताचे एका जागी ठेवायचे, एवढंच सांगितलं. डॉक्टर खुर्चीवर, ताहेरा स्वयंपाकघराच्या दारात, आणि उस्मान चष्मा लावून हॉलच्या मधोमध मांडी घालून बसला. लाकडाचा तडा हातानं तपासणारा माणूस तो. प्रत्येक कागद उचलून त्या शेपटीवरून अंगठा फिरवायचा, मग ठेवायचा. एक कागद एकदा इकडून तिकडे नेला. वीस मिनिटं गेली.

दोन ढीग झाले. एक लहान, एक मोठा.

"ही दोनच माणसं आहेत," उस्मान म्हणाला. "हा घाईवाला. हा सावकाश."

ताहेरानं मोठा ढीग उलटा केला आणि मागच्या खुणा वाचल्या. चर्चची वही, व्याख्यान, व्याख्यान, चर्चची वही. चाळीसच्या चाळीस कागद. गिल्बर्टचा एकही त्यात नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "म्हणजे माझा विद्यार्थी गेला," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीनशे वर्षं आमच्या घरात पॅट्रिकला वाईट म्हणत आलो. मी माझ्या मुलीला झोपवताना ही गोष्ट सांगितली आहे. बिचारा पॅट्रिक." आणि एकदम हसू लागले. "लिहायला नकार दिला! तो पाद्रीच होता! समोर बसवून त्यालाच सांगत होता पाद्र्यांविषयी!"

"आणि गाढव म्हणत होता," ताहेरा म्हणाली.

"मोठ्या भावाला!" उस्मानला आता सगळं कळलं आणि तोही हसायला लागला.

ताहेरानं चहा केला. सकाळी वाफवलेली तांदळाची सांदणं होती, ती नारळाच्या दुधाबरोबर दिली. डॉक्टरांनी चार खाल्ली. पण त्यांच्या डोक्यात चक्र चालूच होतं.

"पण का?" ते म्हणाले. "तेरा वर्षं बोलणं नाही. मग हा माणूस चाळीस मैल बर्फातून जाऊन त्याच भावाची व्याख्यानं लिहून घेतो, ज्या विद्येचा त्याला तिटकारा होता ती. का? काहीतरी कारण घडलं असणार. पत्र नाही, नोंद नाही. मी लिहू काय?"

ताहेरानं इंग्रजी प्रश्न मराठीत सांगितला. उस्मान कागद गोळा करत होता.

"भाऊ आजारी पडला," तो म्हणाला. "आणखी काय कारण लागतं?"

ताहेरानं ते इंग्रजीत केलं. डॉक्टरांनी त्याच्या बाजूला तोंड वळवलं. मग म्हणाले, "मिसेस सोलकर, तुमचा लॅपटॉप घरात आहे का? हे वाक्य आत्ता लिहून घ्या."

पुढच्या रविवारपासून काम पुन्हा सुरू झालं. आता डॉक्टर अर्थ लावण्याआधी विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" ताहेराला वाटत असे ते ती सांगे, आणि वाटत नसलं तर तेही. ग्रंथालयातल्या बाईंना त्यांनी अक्षरं पाठवली. बाईंनी सहा आठवडे घेतले आणि कळवलं की सोलकरबाईंचं म्हणणं बरोबर दिसतं. त्यासोबत त्या हिवाळ्यांतल्या आणखी काही नोंदी पाठवल्या. आसपासच्या गावांतले पाद्री मिळून एक सभा भरवत आणि एकमेकांच्या कामाची झडती घेत, तिचं हे इतिवृत्त होतं.

ताहेरानं वाचलं : किलमॉरनचे पाद्री सहा आठवडे गावाबाहेर. कारण विचारले. सांगितले नाही. समज देण्यात आली.

पुढच्या वर्षी : किलमॉरनचे पाद्री पुन्हा गावाबाहेर. कारण विचारले. सांगितले नाही.

पाच हिवाळे. पाचव्या नोंदीत भर सभेत उभं करून खडसावल्याचं होतं. कारण विचारले. सांगितले नाही.

"प्राध्यापकाचा हात कापतो हे बाहेर कळलं असतं तर त्याचं पद गेलं असतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "कदाचित म्हणून. कदाचित." त्यांनी रुमाल काढला. ताहेरानं पुढचं पान वाचलं नाही. उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर खजुराला पाणी देणाऱ्या माळ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिनं हजारो कागद वाचले, पण कागदावरच्या माणसाला जाऊन पाण्याचा पेला द्यावा असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

प्रकरण पुन्हा लिहायला उन्हाळा गेला. शेवट बदलला. गिल्बर्ट मेला त्या आठवड्यात किलमॉरनच्या चर्चच्या वहीत सगळ्या नोंदी दुसऱ्याच माणसाच्या हातच्या आहेत, हे ताहेराला सापडलं. पाद्री गावात नव्हता. कुठे होता ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि डॉक्टरांनीही लिहिलं नाही. फक्त वहीतलं ते परकं अक्षर वाचकापुढे ठेवलं आणि खाली उस्मानचं वाक्य घातलं.

पुस्तकाच्या दीडशे प्रती निघाल्या. पहिल्या पानावर डॉक्टरांच्या नावाखाली लिहिलं होतं, हस्ताक्षरांचा शोध : ताहेरा सोलकर. ते वाचून ताहेरानं पुस्तक मिटलं, परत उघडलं, परत वाचलं. नाझिशनं फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. रत्नागिरीहून बहिणीचा फोन आला, की तू कधीपासून पाद्री लोकांत गेलीस.

उस्मानचं नाव तळटीपेत होतं : हे मत श्री. उस्मान सोलकर, मनामा, यांचे. त्यानं यार्डात ते कुणाला दाखवलं नाही, ऑइलचे हात लागतील म्हणाला. पण पुस्तक वाचायला घेतलं. इंग्रजी कच्चं, त्यामुळे रोज दोन पानं, अडलं की ताहेराला हाक. दोन भावांचं झाल्यावर तो थांबला नाही. बावीसही माणसं एकामागून एक वाचत गेला, आणि काहींबद्दल त्याचं मत डॉक्टरांहून फार वेगळं पडलं.

आता शुक्रवारी जुम्म्याहून आला की तो बुदैयाला फोन लावतो. स्पीकर चालू करून मधे ताहेराला बसवतो, भाषांतराला.

"त्यांना विचार," तो म्हणतो, "हा सातवा पाद्री. गावात देवी आल्या तेव्हा हा पळाला असं लिहिलंय. पळाला कशावरून? कुणी बघितलं?"

पलीकडून डॉक्टरांचा आवाज येतो, खूश आणि चिडलेला. "त्यांना सांगा, पुरावा आहे!"

"काय पुरावा, विचार."

ताहेरा विचारते. डॉक्टर सांगतात. उस्मानला पटत नाही.

"मग रविवारी ती पानं काढा," तो म्हणतो. "मी येतो. अर्धी सुट्टी घेतो."